बाविसावा पट्टा

हरिचंद्र गायकर आयुष्यात एकदाच गप्प बसला, आणि तेही नेमकं बोलायला हवं होतं तेव्हा.

एरवी त्याच्या तोंडाला चिखलोली नाका टरकून असे. अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना रस्त्याला लागूनच त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. गाडी घेऊन आलेल्या माणसाला तो आधी दोन शब्द सुनवायचा आणि मगच गाडीला हात लावायचा. आनंदनगरच्या कारखान्यातले साहेब लोकही त्याच्यासमोर शाळकरी पोरांसारखे उभे राहत. कारण एकच. गिअर नसलेली स्कूटर अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नीट कळली होती ती या एकाच माणसाला.

ही स्कूटर बाजारात आली तेव्हा जुन्या मिस्त्रींनी नाकं मुरडली होती. गिअर नाही म्हणजे गाडी कसली, बायकांचं खेळणं! हरिचंद्रानं मात्र पहिलीच हाती आलेली गाडी उघडली आणि दुपारभर तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. आत दातेरी चाकं नव्हतीच. पुढे दोन थाळ्या, मागे दोन थाळ्या आणि त्यांच्यामध्ये एक रबरी पट्टा. वेग वाढला की थाळ्या जवळ सरकायच्या, पट्टा वर चढायचा आणि गाडी आपोआप पळायला लागायची. चढ आला की पट्टा खाली उतरायचा. सगळा खेळ कोरड्या लोखंडावर रबरानं धरलेल्या पकडीचा. ती पकड गेली की इंजिन कितीही बोंबललं तरी चाक जागचं हलायचं नाही.

आणि पकड जायची, वारंवार जायची. पहिल्या गाड्यांचे पट्टे चार-पाच हजार किलोमीटरमध्ये राम म्हणायचे. मग कंपनीनं पट्टा रुंद केला. मग थाळ्या सरकवणाऱ्या आतल्या गोळ्या बदलल्या, नुसत्या धातूच्या होत्या त्यांना प्लॅस्टिकचं कवच दिलं. मग आत हवा खेळावी म्हणून झाकणाला वाट ठेवली. कंपनीनं काय बदललं हे हरिचंद्राला कुणी कळवत नव्हतं. त्याला ते मेलेले पट्टे सांगत. प्रत्येक खराब पट्टा तो गॅरेजच्या भिंतीवर एका जाड खिळ्याला अडकवायचा आणि पांढऱ्या रंगानं त्यावर मरणाचं कारण लिहायचा. ‘पाणी.’ ‘जुन्या मापाचा.’ ‘डुप्लिकेट.’ ‘हवेच्या वाटेत चिंधी कोंबली.’ ‘दोन माणसं, तिसरी सासू.’ असे वीस पट्टे झाले होते. त्यातल्या सहांवर एकच शब्द होता, ‘तेल.’

तेल हा हरिचंद्राचा हाडवैरी. गिअरच्या गाड्यांवर वाढलेला प्रत्येक मिस्त्री झाकण उघडलं की सवयीनं आत तेल नाहीतर ग्रीस चोपडायचा. फिरणाऱ्या वस्तूला तेल द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. हरिचंद्र अशा मिस्त्रींची नावं घेऊन, भर रस्त्यात, त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर त्यांचा उद्धार करायचा. “पट्ट्याला तेल म्हणजे माणसाला विष!” हे त्याचं वाक्य अख्ख्या नाक्याला पाठ झालं होतं.

१९८९ सालची खंडेनवमी. आदल्या दिवशी भागीरथी सिस्टरची स्कूटर गॅरेजला आली होती. सिस्टर मूळच्या नगरकडच्या. आरोग्य केंद्रात नोकरी, चिखलोलीतच भाड्याची खोली, आणि बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरातले सात पाडे त्यांच्याकडे. जिथे एसटी जात नाही आणि रिक्षावाला हात जोडतो, तिथे ही बाई पिशवी पुढे ठेवून स्कूटरवर जायची. पट्टा अकरा हजार किलोमीटर चालला होता. तुटला नव्हता, पण कडा झिजल्या होत्या. हरिचंद्रानं तो काढून खिळ्यावर एकविसावा म्हणून लटकवला, ‘वय झालं’ असं त्यावर लिहिलं आणि नवा चढवला. झाकण मात्र बसवलं नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, यंत्राची पूजा. उघड्या गाडीचं पोट पूजेला बरं, असं त्याला वाटलं. हौस, दुसरं काय!

त्या वर्षी पूजेला उस्ताद येणार होते. उस्ताद म्हणजे सुदाम मिस्त्री. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्यांचं गॅरेज होतं. पालेगावातून शेतीला कंटाळून पळालेल्या पंधरा वर्षांच्या हरिचंद्राला त्यांनी स्पॅनर धरायला शिकवलं, जेवायला घातलं, कानफटातही वाजवली. आता त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. ऑपरेशन करूनही उपयोग झाला नव्हता, गॅरेज बंद पडून सहा वर्षं झाली होती. हरिचंद्र त्यांना रिक्षानं घेऊन आला, खुर्चीवर बसवलं, पायावर डोकं ठेवलं. जगात या एकाच माणसाशी तो जपून बोलायचा.

आसपासचे दहा-बारा लोक जमले होते. शेजारचा पंक्चरवाला बाळा, म्हणजे हरिचंद्राचा चुलतभाऊ, झेंडूच्या माळा बांधत होता. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. मग उस्ताद उठले आणि म्हणाले, “तेलाची बुधली दे रे, हरी.”

उस्तादांचा हा जुना रिवाज. खंडेनवमीला गॅरेजमधल्या पहिल्या यंत्राला आपल्या हातानं तीन थेंब तिळाचं तेल द्यायचं. वर्षभर यंत्र माणसासाठी राबतं, एक दिवस माणसानं त्याला भरवायचं. लहानपणी हरिचंद्रानं हे दरवर्षी पाहिलेलं. तेव्हा गिअरच्या गाड्या होत्या, काही बिघडत नव्हतं.

“समोर कोण आहे?” उस्तादांनी विचारलं.

“बिनगिअरची आहे, उस्ताद. सिस्टरांची.”

“नयी चीज! चला, हिची पण भूक असेल.”

हरिचंद्राला वाटलं, ते हँडलला लावतील, ब्रेकच्या तारेला लावतील. पण उस्ताद वाकले आणि त्यांची बोटं गाडीचं अंग चाचपत मागे गेली, उघड्या पोटात शिरली आणि थंड, गुळगुळीत थाळीवर थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की बघवेना. सहा वर्षांत त्या हातांनी एकही यंत्र शिवलं नव्हतं.

हरिचंद्राचं तोंड उघडलं होतं. ‘उस्ताद, तिथं नको’, एवढे तीनच शब्द. पण दहा माणसं बघत होती. ज्यानं आपल्याला हात दिला त्याला, तो आंधळा झाल्यावर, चारचौघांत सांगायचं की तुम्हाला आता कळत नाही? त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. बुधली कलली. आंधळ्याच्या हातचे तीन थेंब म्हणजे तीन धारा. थाळीवरून तेल पट्ट्याच्या कडेनं आत उतरलेलं हरिचंद्रानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरिचंद्रानंही वाजवल्या.

त्यानं मनाशी ठरवलं, उस्तादांना सोडून येऊ आणि सगळं उतरवून पेट्रोलनं धुऊन काढू. आज सुट्टी आहे, गाडी कोण नेतंय? बाळाला सांगून ठेवावं असंही वाटलं, ‘हिला हात लावू नको’ म्हणून. पण उस्ताद त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या कानावर ते जायला नको. म्हणून तेही राहिलं.

उल्हासनगरात उस्तादांच्या घरी मावशींनी पान वाढलं. “जेवल्याशिवाय जायचं नाही,” उस्ताद म्हणाले. हरिचंद्राच्या डोळ्यांसमोर ती ओली थाळी होती. तरी तो उठला नाही. मावशींनी पुन्हा पुरी वाढली, त्यानं ती खाल्ली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. साडेबारा वाजता तो चिखलोलीला परतला तेव्हा स्टँड रिकामा होता.

“गारी कुठं हाय?” तो बाळावर ओरडलाच.

बाळा खूश होता. “सिस्टर आल्ती. पाड्यावरचा मानूस व्हता संगती. लय घाई व्हती. मी झाकान बसवला, आठी बोल्ट आवलून दिली गारी. तुजा काम हलका केला, दादूस.”

“कवा गेली?”

“झाला आसंल आर्धा तास. कुनाची तरी बायको बाळंत झालीय, रगत थांबत नाय बोलला.”

हरिचंद्र रिकाम्या स्टँडपाशी उकिडवा बसला. बाळाला काही कळेना. शिव्या येतील म्हणून तो दोन पावलं मागे सरला, पण शिव्या आल्या नाहीत. शिव्या द्यायच्या कुणाला?

सपाटीवर गाडी चालेल, हे त्याला ठाऊक होतं. बदलापूरपर्यंत, नदीच्या पुलापर्यंत काही कळायचंही नाही. पट्टा तापला, तेल पसरलं आणि दोन माणसांचं ओझं घेऊन चढ लागला की घात होणार. नशीब बरं असेल तर गाडी नुसती थांबेल. नसेल तर जळलेला पट्टा गुंडाळला जाऊन मागचं चाक जागीच आवळलं जाईल, आणि त्या वाटेला एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला ओढा. तो उठला. खिळ्यावरून एकविसावा पट्टा ओढला, ‘वय झालं’ लिहिलेला. नवा दुसरा नव्हता, आणि सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरच्या दुकानांची कुलपं उघडायला कोण बसलंय? स्पॅनरची पिशवी, बाटलीभर पेट्रोल, जुन्या पट्ट्याचा एक हातभर तुकडा घेतला. गॅरेजमध्ये दोन गाड्या होत्या, दोन्हींची इंजिनं खाली उतरवलेली. शंभर गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडे स्वतःची एक सायकल नव्हती. दिव्याखाली अंधार.

रस्त्यावर येऊन त्यानं बारवीच्या पाइपलाइनवर जाणारा एक ट्रक हात दाखवून थांबवला. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याला हरिचंद्राच्या शिव्या पूर्वी खाव्या लागल्या होत्या. त्यानं मजेत विचारलं, “काय मिस्त्री, आज आवाज बसला काय?” हरिचंद्र समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिला. पुलावर त्याला वाटलं, इथेच दिसेल. दिसली नाही. पुढच्या वळणावर वाटलं, इथे पडली असेल. तिथेही नव्हती. गाडी अजून चालते आहे याचा आनंद मानावा की अजून वर, अजून वाईट जागी जाऊन थांबणार आहे याची भीती धरावी, हे त्याचं त्यालाच कळेना. ट्रकनं त्याला पाड्याच्या फाट्यावर सोडलं. पुढे पाच किलोमीटर कच्ची वाट, तीही चढाची.

फाट्यावर एक बाई काकड्या विकत बसली होती. “नर्सबाय वर गेली काय?”

“गेली ना. गाडी लय कोकलत व्हती.”

म्हणजे पकड सुटायला लागली होती. हरिचंद्र धावत सुटला. चाळिशी उलटलेलं शरीर, पोटात पुऱ्या, खांद्यावर लोखंड. दोन किलोमीटरवर त्याला आधी जळक्या रबराचा वास आला आणि मग गाडी दिसली. भागीरथी सिस्टर आणि एक काटकुळा माणूस मिळून ती ढकलत होते. तो धाकलू. पहाटे बायकोला मुलगी झाली, वार आतच अडकली, रक्त थांबेना, म्हणून दुधाच्या टेम्पोला लटकून तो सिस्टरांपर्यंत पोहोचला होता.

“हरिभाऊ!” सिस्टर थांबल्या. घामानं त्यांची साडी पाठीला चिकटली होती. “तुम्ही कसे इथे? अहो, नवा पट्टा घातला म्हणालात ना? इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही!”

हरिचंद्रानं वरच्या वाटेकडे पाहिलं. “पाडा किती लांब?”

“तीन किलोमीटर. सगळा चढ. चालत पाऊण तास लागतो मला.”

“तुम्ही पिशवी घ्या, चालायला लागा. मी वीस मिनिटांत हिला बसवतो आणि वाटेत तुम्हाला उचलतो. नाही बसली तर तुमचं चालणं तरी फुकट जायचं नाही.”

सिस्टरांनी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. काहीतरी ताडलं असावं, पण विचारत बसायला वेळ नव्हता. त्या चढाला लागल्या.

आठ बोल्ट, बाळानं जीव खाऊन आवळलेले. हरिचंद्रानं स्पॅनरवर सगळं वजन टाकून एकेक सैल केला. झाकण निघालं तेव्हा आतून गरम धूर अंगावर आला. त्यानं नवा पट्टा उतरवला, त्याच्या कडा काचेसारख्या चकाकत होत्या. थाळ्यांवर काळा, चिकट लेप. पट्टा बदलून भागणार नव्हतं. थाळीवर तेलाचा अंश राहिला तर जुना पट्टाही शंभर पावलांत घसरणार. त्यानं पेट्रोलनं पुसलं, पुन्हा पुसलं. बोट फिरवलं, बोट अजून घसरत होतं. बाटली संपत आली.

“राख!” तो धाकलूवर ओरडला. “कुठं चूल हाय का जवळ? राख आन, कोरडी!”

धाकलूनं का म्हणून विचारलं नाही. खालच्या भातशेतात राखणीचा माळा होता, तिथल्या चुलीतली ओंजळभर राख तो धोतराच्या सोग्यात घेऊन धावत आला. तेलकट भांडं राखेनं कसं घासतात हे त्याला हरिचंद्रापेक्षा चांगलं माहीत होतं. मागची थाळी त्यानंच घासली, बोटांची सालं निघेपर्यंत. हरिचंद्र शेजारी पुढची घासत होता. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. मध्येच धाकलू म्हणाला, “मिस्त्री, ती पोरगी झाली तवा हसली व्हती. माजी नवसी. मंग रगत यायला लागला.” हरिचंद्र आणखी जोरानं घासू लागला. त्याला त्या क्षणी आपला जीव नकोसा झाला होता.

एकविसावा पट्टा चढवून मुख्य नट आवळताना थाळी फिरू नये म्हणून त्यानं जुन्या पट्ट्याचा तुकडा तिच्याभोवती आवळून धरला. तुकडा दोनदा सटकला. दुसऱ्यांदा स्पॅनर हातावर आला आणि अंगठ्याजवळ मांस उघडं पडलं. त्यानं ती जखम तोंडात धरली, रक्त थुंकलं, कारण थाळीवर रक्ताचाही थेंब नको होता. तिसऱ्यांदा नट घट्ट बसला. झाकण त्यानं चारच बोल्टवर बसवलं. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, त्यानं मूठ पिळली, आणि गाडीनं एक क्षण, फक्त एक क्षण, विचार केल्यासारखं केलं आणि चढावर सरकली.

“तू पळत ये,” तो धाकलूला म्हणाला. तिघांचं ओझं त्या म्हाताऱ्या पट्ट्याला झेपलं नसतं.

दीड किलोमीटरवर सिस्टर दिसल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्यात चपला. मागे बसल्या. उरलेला सगळा चढ हरिचंद्र कान लावून चालवत होता. पट्ट्याचा आवाज जरा पातळ झाला की मूठ सैल करायचा, जाड झाला की पिळायचा. त्याच्या ओठांवर सारखं काहीतरी चाललं होतं. सिस्टरांना वाटलं देवाचं नाव आहे. ते देवाचं नव्हतं. तो पट्ट्याला म्हणत होता, “अजून थोडा, बाबा. अजून थोडा.”

सिस्टर झोपडीत शिरल्या आणि मागे ताटी लागली. हरिचंद्र अंगणात उभा राहिला. उंबऱ्याशी एक म्हातारी कपड्यात गुंडाळलेलं पोर घेऊन बसली होती. आतून एक घमेलं बाहेर आलं. त्यानं बघायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. आतून सिस्टरांचा आवाज येत होता, “नवसी, डोळे उघड. माझ्याकडे बघ. झोपू नको.” नवसीचा आवाज येत नव्हता. ‘डोळे उघड’ हे सिस्टर पुन्हा म्हणाल्या, मग पुन्हा, आणि मग बराच वेळ काहीच म्हणाल्या नाहीत. हरिचंद्रानं तेवढ्यात मनाशी सगळा हिशेब केला. तीन थेंब. दोन पुऱ्या. आठ बोल्ट. धाकलू धापा टाकत येऊन त्याच्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं हरिचंद्राचा जखमी हात धरला. आधाराला धरला. हरिचंद्राला तो सोडवून घेता येईना.

ताटी उघडली. सिस्टर बाहेर आल्या, कोपरापर्यंत हात लाल. “वार पडली. इंजेक्शन लागू झालं. थांबतंय आता.” त्या पायरीवर बसल्या. “चालत आले असते तर आणखी पाव तास गेला असता. तो पाव तास तिच्याकडे नव्हता.”

धाकलू हरिचंद्राच्या पायांवर पडला. “तुम्ही आलात म्हनून, मिस्त्री! देव आला माझा!” म्हातारीनं पोर त्याच्यासमोर धरलं, हात ठेव म्हणून. हरिचंद्रानं रक्ताळलेला हात मागे नेला आणि दुसरा ठेवला. सांगायची ही आणखी एक वेळ होती, आणि ती पण गेली. पाय धरलेल्या माणसाला काय सांगायचं, की तुझा देवच तुझ्या बायकोच्या जिवावर उठला होता?

उतरताना त्यानं सिस्टरांना सगळं सांगितलं. सिस्टर मागे बसून ऐकत होत्या. फाटा आल्यावर म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग, हरिभाऊ? रक्त माझं गेलं नाही.”

बाविसावा पट्टा खिळ्यावर चढला, पण कोरा. वर्षभर कोरा राहिला. गिऱ्हाइकं विचारत, “मिस्त्री, याला काय झालं होतं?” तो खेकसायचा, “तुला काय करायचंय?” शिव्या पूर्वीसारख्याच चालू होत्या, पण त्यात आता राम नव्हता. तेल घालणाऱ्या मिस्त्रीला नाव घेऊन ओरडायला लागला की मध्येच थांबायचा आणि आत जाऊन उगाच स्पॅनर मोजत बसायचा. बाळाला वाटलं, दादूसला म्हातारपण लागलं.

पुन्हा खंडेनवमी आली. उस्ताद आले, खुर्चीवर बसले. नारळ फुटायच्या आतच धाकलू येऊन उभा राहिला, डोक्यावर काकड्यांची पाटी, हातात नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी. पाड्यावर दसऱ्याच्या सुमाराला नवं पीक दाराला बांधतात. तो ते मिस्त्रीच्या दाराला बांधायला आला होता. कुणी विचारलं म्हणून त्यानं गोष्ट सांगितली, सगळी, राखेसकट. लोक वाहवा करू लागले. उस्तादांची छाती फुगली.

“माझा चेला आहे,” ते म्हणाले. “लाव रे हात, हरी. बुधली दे. आज गाडी कोणती आहे?”

स्टँडवर एका साहेबाची बिनगिअरची होती. या वेळी झाकण लावलेलं होतं, पण हरिचंद्राच्या डोळ्यांपुढे ती वर्षापूर्वीची ओली थाळीच आली. बुधली त्याच्या हातात होती. त्यानं ती खाली ठेवली. खिळ्यावरून बाविसावा पट्टा काढला आणि उस्तादांच्या हातात दिला.

“काय आहे?” उस्तादांनी बोटं फिरवली. डोळे गेले होते, बोटं नव्हती गेली. कडेवर येऊन ती थांबली. “चकाकलाय. जळलाय. तेल गेलं होतं यात.”

“हो.”

“कुठल्या गाढवानं घातलं?”

“तुम्ही, उस्ताद. गेल्या खंडेनवमीला. मी बघत होतो. बोललो नाही. बाळालाही बोललो नाही. ह्याची बायको त्या गाडीच्या वाटेकडे डोळे लावून मरत होती, आणि मी तुमच्या घरी पुऱ्या खात होतो.”

झेंडूची माळ हातात घेऊन बाळा तसाच उभा. उस्ताद पट्टा चाचपत राहिले, एका टोकापासून सुरू करून पुन्हा तिथेच येईपर्यंत.

“माझा हात का नाही धरलास?”

“तुमचा हात कसा धरू, उस्ताद?”

“पंधरा वर्षांचा होतास तेव्हा धरायचास. ‘उस्ताद, गरम आहे’ म्हणून ओढायचास. दहादा वाचवलीस माझी बोटं.” म्हाताऱ्याचा आवाज फाटला. “आंधळा झालो म्हणून मला देव करून टाकलास काय रे? मिस्त्रीला चूक दाखवतात. देवाला दाखवत नाहीत.”

हरिचंद्र रडला. चाळीस-बेचाळीस वर्षांचा, नाक्याला दहशत घालणारा माणूस सगळ्यांसमोर शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत रडला. मग रंगाचा डबा आणून त्यानं पट्ट्यावर एक शब्द लिहिला. ‘तेल’ नाही लिहिलं. ‘भीड’ लिहिलं.

धाकलू मात्र अजून तिथेच उभा होता. त्यानं लोंब्यांची जुडी दाराला बांधली नाही, परत नेलीही नाही. बाकावर ठेवली. “मी नाय काय बोलत, मिस्त्री,” तो म्हणाला. “नवसीला सांगतू. काय बोलायचा त ती बोलंल.” आणि पाटी उचलून निघून गेला.

आठ दिवस हरिचंद्रानं त्या जुडीला हात लावला नाही. तिच्या आसपासच हत्यारं ठेवत राहिला. रस्त्यावर बाई दिसली की त्याच्या हातातला पाना थांबायचा.

नवव्या दिवशी सकाळी नवसी आली. कडेवर वर्षाची पोर. हरिचंद्रानं तिचा आवाज तेव्हा ऐकला नव्हता, तोंडही पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. तिनं इकडेतिकडे न बघता विचारलं, “कंचा तो?”

त्यानं दाखवला. तिनं जवळ जाऊन पाहिला, नखानं कड खरवडली. “काय लिवलाय?”

“भीड.”

“कोनाची?”

“माझी.”

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतली. “आता कोनी असा तेल घालाया लागला, त हात धरशील?”

“धरीन.”

“तुझा बाप असला तरी?”

“बाप असला तरी.”

नवसीनं बाकावरची लोंब्यांची जुडी उचलली. वाळून तिचे दाणे गळायला लागले होते. ती दाराकडे गेली नाही. भिंतीवरच्या त्या जाड खिळ्यालाच, बाविसाव्या पट्ट्याच्या वर, तिनं जुडी बांधली, दोरी दोनदा आवळली, आणि बदलापूरची रिक्षा पकडायला रस्त्यावर जाऊन उभी राहिली.